पाय टेकतात का?

सायकल शिकल्याची गोष्ट कुणीही सांगायला घेतली की तिच्यात मागे धावणारा एक माणूस असतोच. वडील, मामा, थोरला भाऊ, नाहीतर वाड्यातला कुणी दादा. त्याचा एक हात कॅरिअरला, दुसरा सीटच्या मागे. पुढचा जीव मुठीत धरून ओरडतो, "सोडू नका हं!" आणि मागून धापा टाकत उत्तर येतं, "नाही सोडत, तू पायडल मार." हात तेव्हा सुटलेलाच असतो. मग कुणीतरी फुशारकीनं सांगतं, किंवा शिकणाराच वळून बघतो, आणि स्वारी थेट कुंपणात. गोष्ट सांगणारा इथे हसतो, ऐकणारेही हसतात, कारण प्रत्येकाकडे हीच गोष्ट असते. सिनेमावाल्यांनी आणि जाहिरातवाल्यांनी तिच्यावर किती डोळे पुसायला लावले असतील त्याला गणती नाही. मला मात्र तिच्यातलं ते 'नाही सोडत' कायम खुपत आलं आहे. मुलांनी खोटं बोलू नये म्हणून डोळे वटारणारी माणसं या एका बाबतीत बिनदिक्कत खोटं बोलतात आणि वर कौतुक करून घेतात.

म्हणूनच असेल, पायडल नसलेली ती बुटकी सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हाच माझ्या मनात भरली. बॅलन्स बाईक म्हणतात तिला. दोन चाकं, एक हँडल, एक सीट, संपलं. पोर सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकवतं आणि जमीन मागे रेटत पुढे सरकतं. वेग आला की पाय उचलतं, डगमगलं की टेकवतं. मागे धावणाऱ्याला या गोष्टीत कामच नाही. धरायचंच नसेल तर सोडायचा प्रश्न येत नाही, आणि खोटं बोलायचाही.

धाकट्या भावाची मुलगी, घरात तिला आम्ही ठमी म्हणतो, दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी अशी सायकल निवडायचं काम माझ्याकडे आलं. "ताई, तू आयुष्यभर सायकलवर हिंडलीस, तूच बघ," भाऊ म्हणाला. त्यात आदर किती आणि अंग काढून घेणं किती, ते मी तपासलं नाही. आपल्याकडे आत्याला बारशाच्या दिवशी कानात नाव सांगायचा मान असतो आणि त्याबद्दल पाठीत धपाटेही खावे लागतात. त्यानंतर आत्यानं काय करावं याबाबत शास्त्र गप्प आहे. मला काम मिळालं, मी खूश होते.

दुकानदार ही वस्तू 'नवीन आलीय' असं म्हणून दाखवतात. सायकल मुळात जन्मली ती अशीच. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मॅनहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस नावाचा वनखात्याचा एक अधिकारी स्वतःच्या कल्पनेतून बनवलेल्या लाकडी दुचाकीवर बसून श्वेत्सिंगेनच्या रस्त्याला लागला. वाटेतल्या, टपालाचे घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत जाऊन तो परत आला. येऊन-जाऊन तेरा-एक किलोमीटर, आणि तेही तासाभराच्या आत. यंत्राचं वजन वीस-बावीस किलो, लाकडी चाकांवर लोखंडी धाव, समोर कोपरं टेकायला एक फळी. पायडल नव्हतं. ते यायला १८६० चं दशक उजाडावं लागलं, आणि तेही पॅरिसमध्ये. तोवर चांगली टोपीबिपी घातलेली प्रौढ माणसं रस्त्यानं ठमीसारखीच पायांनी जमीन रेटत फिरली.

ड्राइसला हे का सुचलं याची एक मांडणी आहे. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ साली फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, घोड्यांना ओट मिळेनात, आणि मग घोड्यावाचून चालणाऱ्या वाहनाची गरज पडली. गोष्ट म्हणून मला ही इतकी आवडते की तिच्यावर पुरता विश्वास ठेवायला मन धजत नाही. पुढचं मात्र पटकन पटतं. रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणून निघालेले, म्हणून लोक ही दुचाकी पदपथावर चालवू लागले आणि पायी चालणाऱ्यांच्या अंगावर जाऊ लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅनहाइमच्या पदपथांवर तिला बंदी आली. मग एकेका शहरानं तेच केलं, आणि ही बंदी कलकत्त्यापर्यंत येऊन पोहोचली. पुण्यात स्कूटरवाल्यांना पदपथावर चढताना बघते तेव्हा मला मॅनहाइमच्या नगरपित्यांची आठवण येते. ड्राइस १८५१ साली कार्ल्सरूह इथे गरिबीत वारला. त्याच्या डोक्यातून निघालेली एक गोष्ट मात्र आजतागायत टिकली: एकामागे एक ठेवलेली दोन चाकं, पुढचं वळवता आलं तर, चालती असेपर्यंत पडत नाहीत.

का पडत नाहीत, हे विचारू नये. शाळेत आम्हाला सांगितलं होतं की फिरत्या चाकाला आपला आस सोडवत नाही, भोवऱ्यासारखं. ते तितकंसं खरं नाही. डेल्फ्ट आणि कॉर्नेल इथल्या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात एका अशा सायकलची हकिगत छापली, जिच्यात हा भोवऱ्याचा गुण मुद्दाम काढून टाकला होता, पुढच्या चाकाची नेहमीची ठेवणही बदलली होती, आणि तरी ढकलून दिल्यावर ती माणसाशिवाय सरळ चालत राहिली. सरावाच्या पातळीवर सगळं एका वाक्यात मावतं: ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला हँडल वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात. पण हे वाक्य सांगून कुणी सायकल शिकलेलं नाही. पडायच्या बाजूला वळ, असं कुठलं शहाणं शरीर ऐकेल? ते त्याला स्वतःहून सापडावं लागतं, आणि सापडेपर्यंत पाय जमिनीजवळ असावे लागतात.

माझ्या स्वतःच्या गोष्टीत मागे धावणारा माणूस नाही. आम्ही सांगलीत शिकलो ते बाबांच्या चोवीस इंची सायकलवर, आणि ती मिळायची रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले की. सीट माझ्या छातीला लागायची, तेव्हा बसायची बातच सोडा. पहिली पायरी लंगडीची. डावा पाय डाव्या पायडलवर ठेवायचा आणि उजव्यानं जमीन रेटत जायचं. वेग आला की उजवा पाय उचलायचा आणि सायकल जाईल तिकडे जायचं. हे अंगात मुरलं की कैची. उजवा पाय दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर, डावा हात हँडलला, उजव्या हाताचा विळखा सीटला, सगळं शरीर सायकलच्या एका अंगाला लटकलेलं, आणि पायडल पुरतं फिरवता न आल्यामुळे अर्धं-अर्धं मारत जायचं. फ्रॉक चेनमध्ये जायचा. पोटरीवर ग्रीसचे दात उमटायचे. ते घासून काढायला रॉकेल लागायचं आणि रॉकेलच्या वासावरून आईला सगळं कळायचं. मग दांडीवरून, आणि सगळ्यात शेवटी, पाय पुरू लागले तेव्हा, सीटवर.

आता विचार करते तेव्हा ती लंगडी म्हणजे निखळ ड्राइस वाटते. एक पाय जमिनीवर, रेटा, उचल, तरंग, टेक. सायकल आमच्या मापाची नव्हती म्हणून तोल आधी आला आणि पायडल मागाहून. गंमत अशी, की पुढे मुलांच्या मापाच्या छोट्या सायकली मुबलक आल्या आणि हा क्रम उलटा झाला. त्या सायकलींना मागे दोन्हीकडे सपोर्टची चाकं लागली. पोर पहिल्या दिवसापासून पायडल मारू लागलं, आईबापांना फोटो मिळाले, आणि जे खरोखर शिकायचं ते दोन-तीन वर्षं पुढे ढकललं गेलं. नुसतं ढकललं जाऊन भागत नाही. चार चाकांवरची सायकल वळताना आत झुकू शकत नाही, म्हणून पोर बाहेर झुकायला शिकतं. म्हणजे एक दिवस ती चाकं काढली की शरीरानं मन लावून शिकलेला धडा पुसून त्याच्या उलटा गिरवायचा. मागे धावणाऱ्या माणसाची खरी गरज त्या दिवशी निर्माण होते, आणि ती आपणच निर्माण केलेली असते.

पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी होती. सावंतवाडीला चितारआळीत अजून लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी मिळतात. आमच्या घरातला पांगुळगाडा तिथूनच आलेला होता आणि त्यावर आमच्या घरची दोन पिढ्यांची पोरं चालायला शिकली. तीन चाकं, धरायला आडवी दांडी. मूल त्याच्या मागे उभं राहतं, स्वतःच्या पायांवर. गाडा त्याला उचलत नाही, फक्त हाताला काहीतरी देतो, आणि पोरानं जास्त जोरात ढकललं तर पुढे पळून त्याला तोंडघशी पाडतोही. याउलट मूल आत बसवायचा तो प्लॅस्टिकचा गोल वॉकर. त्यात पोर लटकतं आणि बोटांच्या टोकांवर जमीन मागे खरवडत सुसाट सुटतं. जिन्यावरून पडून इतकी मुलं जखमी झाली की कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाला भेट म्हणून येतो. बॅलन्स बाईक वॉकरच्या घराण्यातली की पांगुळगाड्याच्या, हा प्रश्न भावजयीनं मला विचारला होता. तिनं अर्थात इतक्या शब्दांत विचारला नाही, ती म्हणाली, "ताई, याच्यानं पाय वाकडे नाही ना होत?" उत्तर तिला मी दुकानात द्यायचं ठरवलं.

दुकानाआधी भिंत. ठमीला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं केलं, तिच्या दोन पायांमध्ये एक जाडसं पुस्तक आडवं धरून वर सरकवलं, पार वर टेकलं तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि टेप लावली. हे वाक्यात जितकं सोपं दिसतं तितकं नव्हतं. पुस्तक चित्रांचं होतं हे तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसून ते वाचू लागली. मग हिशेबाची वही घेतली. रेघ जमिनीपासून बत्तीस सेंटिमीटरवर आली. सायकलची सीट याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे बसल्यावर गुडघा जरासा वाकतो आणि अख्खा तळवा जमिनीला लागतो. नुसती बोटं टेकून चालत नाही, बोटांवर रेटता येतं पण सावरता येत नाही. म्हणजे मला हवी होती ती एकोणतीस-तीस सेंटिमीटरपर्यंत खाली उतरणारी सीट. खोक्यावर छापलेलं वय याच्यापुढे कुचकामी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात दिल्लीची मुलंही होती. निरोगी मुलं आपलीआपण चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा पसरलेला निघाला. चालण्यातच जिथे नऊ महिन्यांचं अंतर पडतं तिथे '२ वर्षांवरील' या शिक्क्याला काय अर्थ!

दुकान पेठेतलं, जुनं, छताला सायकली उलट्या टांगलेल्या. मालकांनी आधी जी काढली ती लाल, चकचकीत, पुढे दिवा, हँडलवर बटण दाबलं की गाणं. ठमी त्या बटणाला चिकटली. मी सीट पार खाली घेऊन टेप लावली, तर छत्तीस सेंटिमीटर. "काकू, पोरं वाढतात हो, वर्षभरात पुरेल की," मालक म्हणाले. ही आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेली खरेदीची रीत आहे. शाळेचा गणवेश, रेनकोट, बूट, सगळं पोराला वाढायला जागा ठेवून घ्यायचं. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात. सायकलखालची जमीन वर घेता येत नाही.

मग पिशवीतून मी बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि सायकल त्याला लटकवली. "भाजी घेताय का, काकू?" मालकांनी विचारलं. काट्यानं पाच किलो दाखवले. ठमीचं वजन अकरा. वाहन पोराच्या वजनाच्या तीस टक्क्यांहून जड असू नये असा एक अंदाजाचा नियम पाळतात, म्हणजे तिला सव्वातीन किलोच्या आसपासचं हवं. पाच किलो ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्याच हिशेबानं मला, पासष्ट किलोच्या बाईला, तीस किलोची सायकल द्यावी लागेल. ड्राइसचं लाकडी धूडसुद्धा त्याहून हलकं होतं. पडलेली सायकल पोराला एकट्यानं उचलता आली पाहिजे. नाही आली तर दर पडण्याला एक मोठं माणूस लागतं, म्हणजे आलाच पुन्हा मागे धावणारा.

सायकलीतलं पायडल काढून टाकलं तर फुकटात बॅलन्स बाईक होते, हा सल्ला मला तिथेच एका गिऱ्हाइकानं दिला. सल्ला अगदी वाया जाणारा नाही. मोठ्या मुलाला तो चांगला उपयोगी पडतो, आणि घरी पंधराचा पाना असेल तर करताही येतो, फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवायचं, एरवी माणूस सोडवतोय असं समजून ते आणखी आवळत बसतो. पण दोन वर्षांच्या पोरीला तशा सायकलची सीटही उंच पडते, वजनही, आणि पायडल काढल्यावर उरलेल्या लोखंडी काड्या पोटरीला लागतात त्या वेगळ्याच.

टायरवरून माझं मन दोन्हीकडे झुकत राहिलं. बहुतेक बॅलन्स बाईकला फोमचे टायर असतात. हलके, पंक्चरची भानगड नाही, पण ओल्या फरशीवर घसरतात आणि पेव्हर ब्लॉकवर खडखडतात. हवेच्या टायरला पकड चांगली, धक्के कमी, वजन जास्त. हवेचा टायर मुळात मुलासाठीच निघाला होता. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं तो केला आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या जोरावर मोठ्यांच्या सायकली, मग मोटारी धावल्या. इतका उदात्त इतिहास असूनही मी फोम घेतला. बारा इंची ट्यूब शोधत हिंडायची हौस मला नव्हती, आणि वजनाचा मुद्दा आधीच डोक्यात बसला होता.

निवडलेली सायकल दिसायला कुणाला खेळण्यातली वाटेल इतकी साधी होती. निळसर राखाडी, गाणं नाही, दिवा नाही. हँडलच्या टोकांना रबराच्या जाड गोळ्या, पडताना पोटात घुसू नयेत म्हणून. नटांवर टोप्या. आयएसआयचं चिन्ह मी शोधून काढलं, आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे आणि अजूनही ते बघणारी गिऱ्हाइकं कमी. पाय ठेवायला मध्ये एक पट्टी असलेलं मॉडेल होतं, ते सोडलं. इतक्या लहान वयात ती पट्टी टाचेला आपटण्यापुरतीच असते. हँडल अमुक अंशांपलीकडे वळू न देणारी सोय असलेलंही होतं. त्यावर जाणत्यांत दोन तट आहेत आणि मी कुठल्याच तटावर नाही.

"पण ताई, ब्रेक?" भावजय म्हणाली. ब्रेक नव्हता. ठमीचा पंजा मी तिला दाखवला. ब्रेकचा दांडा त्या बोटांत आला तरी तो दाबायला जो जोर लागतो तो दोन वर्षांच्या मुठीत नसतो. ब्रेक म्हणजे बूट. म्हणून सायकलीबरोबर घ्यायची वस्तू म्हणजे बंद बूट, रबरी तळाचे, आणि ते झिजणार हे गृहीत धरून स्वस्तातले. आणि पाय वाकडे व्हायच्या शंकेचं उत्तर तिला ठमीनंच तिथे दिलं. सीटवर बसून ती दुकानाच्या फरशीवर चालू लागली, चालते तशीच, तळवे पुरते टेकवत. सायकल तिच्या पायांमध्ये होती इतकंच.

हेल्मेटबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं सगळे सांगतातच. सायकलीवरून उतरून घसरगुंडीकडे धावणाऱ्या पोराच्या डोक्यावरून ते आधी काढायचं. खेळण्याच्या सांगाड्यात हेल्मेट अडकून मूल पट्ट्यावर लटकल्याच्या दुर्घटना युरोपात घडल्या आहेत, आणि त्यावरून तिकडे अगदी लहान मुलांच्या हेल्मेटचा, ताण आला की सुटणाऱ्या पट्ट्याचा, वेगळा प्रकार निघाला.

सायकल मिळाली, पण चालवायची कुठे, यानं आम्हाला सायकलीपेक्षा जास्त दमवलं. भावाची सोसायटी मोठी, पार्किंग दोन मजली, बाग फोटोत छान दिसणारी. बागेत सायकलीला मनाई. पार्किंगमध्ये गाड्या कुठूनही मागे येतात आणि मागे येणाऱ्या गाडीच्या काचेत ठमीच्या उंचीचं माणूस दिसत नाही. तळघराकडे जाणारा उतार तर बघूनच माझ्या पोटात गोळा आला. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळात सायकल शिकायला कुणी जागा शोधत नसे, गल्लीच पुरे. शेवटी क्लबहाउसमागचा, कचऱ्याची गाडी वळायला ठेवलेला काँक्रीटचा तुकडा सापडला. सपाट, एका टोकाला कळेल न कळेल असा उतार. त्या उतारानं पुढे फार काम केलं.

ठमीनं सायकल आणल्यावर लगेच चालवली वगैरे असं काही झालं नाही. आधी तिनं ती हातानं ढकलत नेली. मग आडवी पाडून चाक फिरवलं. मग तिला बिस्किट भरवलं. मग बसली, पण बसली म्हणजे सीटला न टेकता दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी, आणि तशीच सायकल मध्ये घेऊन चालू लागली. मोठ्यांना हा टप्पा सोसत नाही. "अगं बस ना, बस!" असं चारही बाजूंनी सुरू होतं. कुणी म्हणालं, "पायडल कुठे पाडलंत?" कुणी म्हणालं, "अर्धी सायकल अर्ध्या किमतीत मिळाली का?" ठमी यातलं काही मनावर घेत नव्हती. तिचं बूड हळूहळू सीटला लागलं. टप-टप-टप अशी पावलं टाप-टाप झाली, लांब, दोन पावलांमध्ये अंतर ठेवणारी. त्या उतारावर एकदा तिची दोन्ही पावलं हवेत राहिली, क्षणभरच, आणि ती स्वतःच दचकली. पाय टेकले. मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. मग सायकल उलटी वळवून पुन्हा वर गेली आणि जाताना आम्हाला बजावून गेली, "पाय वल!"

बाबा त्या संध्याकाळी बरोबर होते. आम्ही सांगलीत लंगडी घालत होतो तेव्हा घोरत पडलेले आमचे बाबा, आता ऐंशीच्या पुढचे, काठी कट्ट्याला टेकवून वाकले आणि त्यांनी ठमीच्या सीटला मागून हात लावला. ठमी थांबली. आजोबांचा हात तिनं एकेक बोट उचलून सीटवरून काढला. "नको. मी."

"मग मी काय करू?" बाबांनी मला विचारलं.

"बसा ना कट्ट्यावर."

ते बसले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मला त्यांचं वाईट वाटलं. मागे धावण्याचा तो मान त्यांना माझ्या वेळी झोपेमुळे मिळाला नव्हता, आणि आता नातीच्या वेळी सायकलीनं हिरावून घेतला. मोठ्या माणसांना त्या धावण्याचा आनंद असतो हे मी नाकारत नाही. तो आनंद आपला असतो आणि तो आपण मुलाच्या नावावर लिहितो, इतकंच माझं म्हणणं आहे. बाबांनी पुढे स्वतःसाठी एक काम शोधून काढलं. कट्ट्यावर बसून ते कचऱ्याची गाडी येते का बघत, आणि आली की काठी आडवी धरत. गाडीवाला थांबे. ठमीला त्याचा पत्ताही नसे.

वर्षा-दीड वर्षात ती सायकल लहान पडणार हे मला माहीत होतं, आणि तिच्या किमतीवरून भावानं एकदा कुरकुर केलीही. 'इतक्या पैशांत पायडलवाली आली असती' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. सीटचा दांडा वर घेत घेत ती साडेतीन वर्षांपर्यंत पुरली आणि आता भावजयीच्या बहिणीकडे नाशिकला गेली आहे, रंग उडालेली, टायर एका अंगानं झिजलेले, बाकी ठणठणीत. परदेशात या सायकलींच्या शर्यती भरतात, अगदी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या, रेघ ओढून, पाठीवर नंबर लावून. आपल्याकडेही ते लोण येईल, आलंही असेल. ठमीला त्यात घालायची टूम निघाली होती, पण तिला रेघेपाशी उभं राहून शिट्टीची वाट बघणं जमलं असतं असं वाटत नाही.

आता ती चार वर्षांची आहे आणि तिला पायडल हवं आहे. गेल्या रविवारी भाऊ एकटाच त्याच पेठेतल्या दुकानात गेला आणि तिथून त्यानं फोन केला. चौदा इंची आहे, रंग तिला आवडेल असा आहे, घेऊ का?

"पाय टेकतात का ते बघ," मी म्हटलं. "टेप नेलीस ना? आणि ब्रेक तिच्या बोटांत येतो का? आता ब्रेक लागेल, पायडलवर पाय असताना बूट घासायचं तिला सुचणार नाही."

"नेलीय टेप. बघतो. आणि ताई, मालक म्हणतायत, सपोर्टची चाकं फ्री देतो. लावून देऊ का विचारतायत."

"त्यांना सांग, दुकानातच ठेवा."

"अगं फुकट आहेत!"

मागून मालकांचा आवाज आला, "काटेवाल्या काकू आहेत का फोनवर? मग राहू द्या, साहेब. नाही लावत."